इन्स्पेक्टरसाहेबांचा पहिला पीस

अनंत देवधर यांनी गिटार मांडीवर घेतली, घसा साफ केला आणि आयुष्यात रचलेल्या पहिल्यावहिल्या गाण्याची पहिली ओळ स्वयंपाकघराच्या दारात बसून बायकोला म्हणून दाखवली. दुसरी ओळ म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चारुलताबाईंनी पोळी लाटता लाटता तीच दुसरी ओळ गुणगुणली. शब्द नव्हते, पण चाल अगदी तीच.

अनंतरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"चारू, तुला ही ओळ कशी माहीत?"

"कोणती?"

"आत्ता गुणगुणलीस ती! मी अजून म्हटलीसुद्धा नाही."

"अहो, मग ऐकलंय की मी हे गाणं."

"कुठे?"

"ते आता कसं आठवणार? कुठेतरी ऐकलंय. छान आहे पण. म्हणा ना पुढे."

पुढे म्हणण्यासारखं आता राहिलं काय होतं? अनंतरावांनी गिटार खाली ठेवली. पोळी करपल्याचा वास आला तो वेगळाच.

आता यात एवढं हबकून जाण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण अनंतराव पिंपरीच्या पवना गिअर्समध्ये तपासणी खात्यात इन्स्पेक्टर होते. टर्नर लोकांनी लेथवर केलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. ते मायक्रोमीटर लावायचे आणि केसभर फरक निघाला तरी पीसवर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. लाल ठिपका म्हणजे नापास. अकरा वर्षं हेच काम. टर्नर लोक चिडले की एकच वाक्य ऐकवत, "साहेब, दुसऱ्याचा माल नापास करणं सोपं आहे. तुम्ही स्वतः कधी एक तरी पीस केलाय का?"

केला नव्हता. अनंतरावांनी आयुष्यात कधीच काही केलं नव्हतं, फक्त तपासलं होतं. आणि हे वाक्य त्यांना रात्रंदिवस टोचायचं.

म्हणून तर हे गाणं. साल चौऱ्याहत्तर होतं आणि पुण्याच्या कॉलेजांमधलं इंग्रजी रॉकचं वेड बसमध्ये बसून पिंपरीपर्यंत येऊन पोचलं होतं. कंपन्यांच्या कामगार सप्ताहात यंदा प्रथमच 'पाश्चात्त्य वाद्यवृंद' अशी स्पर्धा ठेवली होती आणि नियम असा होता की गाणं स्वतःचं असलं पाहिजे. पवना गिअर्सनं 'द गिअरबॉक्स' नावाचा चौघांचा बँड उभा केला. गिटार आणि गायन अनंतरावांचं. दुसरी गिटार खरेदी खात्यातल्या श्यामची. ड्रमवर मोटर वाइंडिंगचा भीमराज ओव्हाळ. त्यानं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं स्वतः गुंडाळून दोन्ही गिटारी विजेवर चालत्या केल्या होत्या. चौथा ज्योतीराम, आकुर्डीहून येणारा टर्नर. तो एका पत्र्याच्या डब्यात बेअरिंगचे छर्रे भरून खुळखुळा वाजवायचा. अनंतरावांचे सर्वांत जास्त लाल ठिपके याच ज्योतीरामच्या मालावर पडलेले होते, पण तालाला तो पक्का होता.

गाण्याचे शब्द साधे होते. 'भोंगा झाला, ऊठ गड्या, पहिली पाळी, पळ गड्या.' चाल मात्र अशी झकास होती की अनंतरावांना स्वतःलाच आश्चर्य वाटायचं. आणि आता त्याच आश्चर्याचं भीतीत रूपांतर झालं. इतकी चांगली चाल आपल्याला सुचेलच कशी? नक्की कुठून तरी उचलली असणार.

जेवण तसंच टाकून ते सायकलवरून श्यामकडे गेले. श्यामकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि बावीस इंग्रजी रेकॉर्डी होत्या. बँडला रॉकची जी काही माहिती होती ती या बावीस रेकॉर्डींची.

"सगळ्या लाव," अनंतराव म्हणाले.

"सगळ्या? राव, आज रविवार आहे. झोपू दे की."

"श्याम, माझं गाणं चोरीचं निघालं तर मी खात्यात तोंड कसं दाखवू? लोकांचा माल मी केसाच्या फरकानं नापास करतो, आणि स्वतःचा पहिला पीस चोरीचा?"

श्यामनं उसासा टाकला आणि पहिली रेकॉर्ड लावली. सहा तास दोघं बसले. एका गाण्यात पहिले चार सूर जुळल्यासारखे वाटले, पण पाचवा भलतीकडेच गेला. बाविसाव्या रेकॉर्डीची मागची बाजू संपली तेव्हा श्यामच्या आईनं तिसऱ्यांदा चहा आणून ठेवला आणि "आता गाणं बंद करा, नाहीतर चहा बंद करते," असं बजावून गेली.

"नाही ना सापडली? मग झालं तर," श्याम म्हणाला. "आणि सापडली असती तरी काय बिघडलं असतं? हे इंग्रज बँडवाले काय करतात? जुन्या गाणाऱ्यांच्या चाली घेतात, थोडी गिटार वाढवतात आणि सांगतात, ही आमची मानवंदना."

"आणि आपण घेतली तर?"

"तर चोरी. कारण आपण पिंपरीचे."

"पण श्याम, खरं सांग. तू ही चाल आधी ऐकली आहेस का?"

श्यामनं डोळे मिटले. विचार केला. मग जरा चाचरत म्हणाला, "ऐकल्यासारखी वाटते खरी."

सोमवारी सकाळी अनंतरावांनी मोठी चूक केली. त्यांनी ज्योतीरामला विचारलं.

"चाल व्हय?" ज्योतीराम म्हणाला. "मला वाटलं तुमाला ठावं हाय. सायब, ही तर आमच्या भजनाची चाल हाय."

"कुठल्या भजनाची?"

"आता नेमकं भजन न्हाई ध्यानात. पण आमच्या मंडळाचीच हाय. लई येळा ऐकलीय म्या, कानात बसलीय."

भीमराजला विचारलं. त्यानंही मान हलवली. "ऐकली आहे साहेब. कुठे ते सांगता येत नाही, पण ऐकली आहे." कॅन्टीनमध्ये चहा देणाऱ्या छबूबाईंनी बादली खाली ठेवून ठासून सांगितलं, "आवं, आमच्याकडं हळदीला म्हंत्यात ह्ये." दुपारच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कारखान्यात बातमी झाली की इन्स्पेक्टरसाहेबांचं गाणं एका भजनातून, एका हळदीच्या गाण्यातून आणि बावीस इंग्रजी रेकॉर्डींतून मिळून चोरलेलं आहे. जेवून परत आल्यावर अनंतरावांना आपल्या स्टुलावर लाल रंगाचा एक ठिपका दिसला. ठिपका अजून ओला होता, हे त्यांना बसल्यावर कळलं.

त्या दिवसापासून तालीम म्हणजे छळ झाला. अनंतरावांनी चाल बदलायला घेतली. पहिली ओळ खालच्या सुरात घेतली तर आरती वाटायला लागली. वर चढवली तर शाळेतली कवायत. मध्ये एक सूर जास्तीचा घातला तर हुबेहूब बोहारणीची हाक. लय वाढवली तेव्हा सायकल स्टँडचा वॉचमन धावत आला आणि कुठे आग लागली असं विचारू लागला.

"साहेब," भीमराजनं शेवटी ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या, "तुम्ही पीस इतका घासलाय की आता हातात फक्त चुरा राहिलाय. पहिली होती तीच चाल ठेवा."

"अरे, पण ती माझी नाही!"

"नसू दे. आमचे दादा जलशात गातात. दोनशे गाणी लिहिली त्यांनी, चाल एकही स्वतःची नाही. पण भीमजयंतीला पुस्तिका छापतात ना, त्यात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'चाल : अमक्या गाण्याची'. मग त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ज्याची चाल असते तोच पहिल्या रांगेत बसून माना डोलावतो."

"आमच्या भजनाच्या वहीत बी तसंच," ज्योतीराम म्हणाला. "चाल कुनाची त्ये आदी, द्येवाचं नाव मागनं."

अनंतरावांना एकदम हलकं वाटलं. किती सरळ उपाय! पण ते लगेच पुन्हा जड झाले. "अरे, पण कुणाची म्हणून लिहू?"

"शोधा," भीमराज म्हणाला. "नाही सापडली तर सरळ विचारा लोकांना."

भीमराजनं हे सहज म्हटलं होतं. पण इन्स्पेक्टरला काही सहज सांगायचं नसतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी चिंचवडच्या एका शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. सात कंपन्यांचे कामगार, त्यांच्या बायका, पोरं, आणि पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून प्रभावतीबाई केळकर. बाईंनी तीस वर्षं शास्त्रीय गाणं शिकवलं होतं आणि विजेच्या गिटारीचा आवाज त्या आज पहिल्यांदाच ऐकणार होत्या. खबरदारी म्हणून त्यांनी पदर कानावर घेतला होता.

पडद्यामागे अनंतरावांनी आपला बेत सांगितला आणि श्यामनं त्यांचा हात धरला.

"अनंता, वेडा आहेस का? शब्द तुझे आहेत. बाकी कोण विचारतंय? गप गाणं म्हण आणि खाली उतर."

"श्याम, मी अकरा वर्षं लोकांना एकच सांगतोय, माल कसा आहे ते लपवू नका."

"हा माल नाही राव, गाणं आहे!"

तेवढ्यात सूत्रसंचालक आबाजी शिर्के यांनी माइकवर नाव पुकारलं. द गिअरबॉक्स मंचावर आला. गाणं झालं. आणि खोटं कशाला सांगा, बहार झाली. भीमराजनं असा ठेका धरला की मागची पोरं बाकांवर उभी राहिली. ज्योतीरामच्या डब्यातले दोन छर्रे उडून प्रेक्षकांत गेले. प्रभावतीबाईंचा पदर कधी कानावरून सरकला ते त्यांनाही कळलं नाही. तिसऱ्या कडव्याला अर्धं सभागृह बरोबर म्हणत होतं. पवना गिअर्सला आजवर कोणत्याही स्पर्धेत साधं उत्तेजनार्थ मिळालं नव्हतं, पण आज पहिल्या बक्षिसाची ढाल घरी येणार हे शेंगदाणे विकणाऱ्यालासुद्धा दिसत होतं.

टाळ्या थांबल्या. अनंतराव माइकजवळ गेले.

"मित्रहो, शब्द माझे आहेत. पण चाल माझी नसावी, असा मला संशय आहे. ज्यांनी ही चाल आजच्या आधी कुठेही ऐकली असेल, त्यांनी कृपया उभं राहावं."

 आधी कॅन्टीनच्या छबूबाई उठल्या. मग लेथ खातं उठलं, सगळंच्या सगळं. मग पॅकिंगचे लोक. मग कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. कॉलनीतल्या चाळीस घरांची बायकापोरं उठली. बघता बघता पवना गिअर्सचा अख्खा कोपरा उभा राहिला. बाकीच्या सहा कंपन्यांची माणसं बसल्या जागेवरून माना वळवून बघत होती. तिसऱ्या रांगेत चारुलताबाईही उभ्या होत्या. नवरा संकटात आहे हे त्यांना कळत होतं, पण विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची त्यांना घरीच सवय लागली होती.

"अगं बाई!" प्रभावतीबाई म्हणाल्या. "इतकं प्रसिद्ध गाणं आहे? कुठलं?"

"हळदीचं!"

"भजन हाय, भजन!"

"रेडिओवर लागतं बाई, सकाळी!"

"रोज सकाळी," ड्रायव्हरनं दुजोरा दिला. "मी तर बसमध्येच ऐकतो."

"पण ड्रायव्हर, तुमच्या बसमध्ये रेडिओ कुठे आहे?" आबाजींनी माइकवरून विचारलं, पण त्या गोंधळात ड्रायव्हरला ते ऐकू गेलं नाही. छबूबाई हळदीचं गाणं म्हणून दाखवू लागल्या. त्याच वेळी ज्योतीरामच्या मंडळातल्या दोघांनी भजन सुरू केलं. दोन्हींचा अनंतरावांच्या गाण्याशी काही संबंध नव्हता, आणि एकमेकांशीही नव्हता.

प्रभावतीबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "शांत व्हा! गाणं सुरेख होतं. पण गायक स्वतःच सांगतायत की चाल त्यांची नाही, आणि साक्षीला एवढी माणसं उभी आहेत. नियम म्हणजे नियम. द गिअरबॉक्स स्पर्धेतून बाद."

नंतर भोसरीच्या एका कंपनीचा बँड आला. त्यांनी अर्जावर ठळक अक्षरांत 'संपूर्ण स्वतंत्र रचना' असं लिहिलं होतं. त्यांनी गायला सुरुवात केली आणि श्याम खुर्चीतून ताडकन उठला.

"अनंता! ही तर आपल्या तिसऱ्या रेकॉर्डीची मागची बाजू! जशीच्या तशी! खोकलासुद्धा त्यातलाच घेतलाय!"

"मग हरकत घे."

श्यामनं हरकत घेतली. पण ज्यांचा म्होरक्या स्वतःच्या तोंडानं चोरीची कबुली देऊन बसला, त्यांचं कोण ऐकतं? आबाजी एवढंच म्हणाले, "हरल्यावर असं व्हायचंच." ढाल भोसरीला गेली. 'काय नावीन्य आहे!' असं प्रभावतीबाई भाषणात तीनदा म्हणाल्या.

 परतीच्या बसमध्ये एकाही टर्नरनं टोमणा मारला नाही, आणि अनंतरावांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. चारुलताबाई बाहेर डबा भरत होत्या. अचानक त्यांच्या हातातला चमचा थांबला. त्या धावत न्हाणीघराच्या दाराशी गेल्या आणि दार बडवू लागल्या.

"अहो! अहो, आठवलं! इथेच ऐकलंय!"

"काय?" आतून आवाज आला.

"ते गाणं! इथेच ऐकलंय, तुमच्याच तोंडून! आत्ता म्हणत होतात! दोन महिने रोज म्हणताय, अंगावर पाणी घेतलं की सुरू!"

"मी? छे! मी कधी गुणगुणत नाही."

"अहो, अख्ख्या कॉलनीला ऐकू जातं! शेजारच्या नीलिमावहिनी तुमच्या गाण्यावर दूध तापत ठेवतात!"

आतलं पाणी थांबलं. साबण डोळ्यांत गेलेल्या अवस्थेत अनंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आंघोळीला गुणगुणत होतो, म्हणजे बसमध्येही गुणगुणत असणार. टेबलावर मायक्रोमीटर फिरवतानाही. कॅन्टीनच्या रांगेतही. म्हणूनच उभे राहिले ते सगळे पवना गिअर्सचेच होते. लोकांनी ऐकलेली चाल चोरीची नव्हतीच. ती अनंत देवधरांची होती, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत! आनंदानं त्यांना हुंदकाच आला. मग ढाल आठवली आणि दुसरा हुंदका आला.

ओल्या केसांनीच ते कारखान्यात पोचले आणि लेथ खात्याच्या मध्यभागी उभे राहिले.

"ऐका रे! चाल माझीच आहे! तुम्ही सगळ्यांनी ती माझ्याच तोंडून ऐकलीय!"

लेथ क्षणभर थांबले. मग एक म्हातारा टर्नर समजुतीच्या सुरात म्हणाला, "असू द्या साहेब. काल नऊशे लोकांसमोर तुम्हीच सांगितलंत, माझी नाही म्हणून. आज आता माझी म्हणताय. आम्ही कुठलं धरायचं?"

"कालचं चुकीचं होतं!"

"साहेब, आमच्या पीसवर तुम्ही ठिपका दिला आणि आम्ही म्हटलं की चुकून दिला, तर तुम्ही कधी पुसलाय का?"

 अनंतराव आपल्या टेबलाशी जाऊन बसले. अकरा वर्षांत एकच पीस केला, तो उत्तम झाला, आणि तो त्यांनी स्वतःच्याच हातानं नापास केला होता. मायक्रोमीटर हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्यांना गुणगुणावंसं वाटलं नाही.

दुपारच्या सुट्टीत ज्योतीराम आला. एका हातात भजनाची वही होती, दुसरा हात पाठीमागे.

"सायब, एक इचारायचं व्हतं. आमचं मंडळ तुमची चाल घ्याया बगतंय. लई ठसक्याची हाय, टाळाला चांगली बसती."

अनंतरावांनी चष्मा काढला. "ज्योतीराम, पण तू तर छातीठोक सांगत होतास की ही तुमच्याच भजनाची चाल आहे!"

"व्हय, सांगत हुतो."

"मग?"

"तवा न्हवती," ज्योतीराम शांतपणे म्हणाला. "आता हुईल."

त्यानं वही पुढे केली. नवं भजन शाईनं नीट उतरवलेलं होतं आणि सगळ्यात वर, देवाच्या नावाच्याही आधी, ज्योतीरामच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'चाल : अनंत देवधर सायबांची. (सायब आदी न्हाई म्हनत हुते.)'

अनंतरावांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कुणी आपलं नाव एखाद्या वस्तूच्या डोक्यावर, ती करणारा म्हणून लिहावं, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. ढालीवर नावं पितळेत कोरतात आणि वर्षभरात ती काळी पडतात. ही वही दर गुरुवारी भजनाला उघडली जाणार होती. 

"ते कंसातलं कशाला रे?" त्यांनी विचारलं.

"झालं त्ये लिवाया नगं? माल लपवू नगा म्हनून तुमीच शिकवलंय."

अनंतरावांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. कंसाकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, आणि पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली.

"पास," ते म्हणाले.

ज्योतीराम जागचा हलला नाही. साहेबांच्या तोंडून हा शब्द एवढ्या मायेनं त्यानं कधी ऐकला नव्हता, आणि अशी वेळ पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. त्यानं हळूच पाठीमागचा हात पुढे आणला. हातात त्यानं लेथवर केलेले चार शाफ्ट होते, तेल पुसून चकचकीत केलेले.

"मग सायब, त्याच झपाट्यात ह्ये चार बी बगून टाकता का?"

अनंतरावांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मायक्रोमीटर घेतला.

चारपैकी तीन नापास झाले.